रंगाचा नंबर चौथा

अजिंठा, इ.स. ४७५च्या सुमारास

दिवा थोडा वर धरा. भिंतीच्या इतका जवळ नको, काजळी धरेल.

तुम्ही वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, काळ्या पाषाणात कोरलेल्या एका विहारात उभे आहात. वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला, वाकाटक राजा हरिषेण गादीवर आहे. शेजारच्या लेण्यातून छिन्नीचे घाव ऐकू येताहेत. इथे दगडाचं काम संपून मातीचं सुरू झालंय. खडबडीत भिंतीवर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मळून केलेला गिलावा चढलाय, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरलाय आणि तो पुरता वाळलाय. बोट लावून खात्री करू नका. या प्रवासाचे नियम दोनच: कशाला हात लावायचा नाही आणि कुणाला भविष्य सांगायचं नाही.

समोरचा चित्रकार कुंचला गेरूत बुडवतो आणि खांद्यापासून कमरेपर्यंत एक रेषा ओढतो. मध्ये थांबत नाही. रेषा खांद्यावर बारीक आहे, दंडावर भरते, कमरेशी पुन्हा निमुळती होते. मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर तिसरीकडे, असा त्रिभंग उभा राहतो. देहाचं वजन आणि झोक त्या रेषेतच आलाय, रंग अजून कुठेच नाही. या हातात निळं कमळ येणार आहे. शाळेच्या पुस्तकात छापलेलं ते चित्र तुम्ही पाहिलंय, पण गप्प राहा.

आता तो उजळ-गडद छटा भरू लागतो. दिवा तुमच्या हातात, चित्राच्या डाव्या बाजूला आहे. चित्रातल्या छायेला त्याची फिकीर नाही. गालाच्या कडा गडद होतात, मध्य उजळ राहतो, नाकाच्या शेंड्यावर पांढुरका ठिपका पडतो. प्रकाश कुठूनच येत नाही आणि जमिनीवर सावलीही पडत नाही. तरीही देह भिंतीतून गोलाई घेऊन पुढे येतो. या कामाला वर्तना म्हणतात.

मग रंग, आणि रंगावर पुन्हा गडद रेषेचा हात. वाडग्यांतून गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी आहे. रंग धरून ठेवायला डिंक किंवा सरस. बहुतेक माल याच डोंगरांतला. एका वाडग्यात मात्र निळी पूड आहे: लाजवर्द. ती इथून दीड हजार किलोमीटरांहून दूर, बदख्शानात, कोक्चा नदीच्या खोऱ्यातल्या खाणींतून आली आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या चित्रांत हा निळा सापडत नाही. तांडे इतक्या लांबून दगड आणू लागले, तेव्हाच कमळ असं निळं होऊ शकलं.

विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र याच शतकांच्या आगेमागे घडतंय. त्यात चित्र पाहणाऱ्यांची प्रतवारी आहे. आचार्य रेषेची वाहवा करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना अलंकार आवडतात आणि उरलेल्या सगळ्या लोकांना रंगांची श्रीमंती. रेषा पहिली, रंग चौथा. ही यादी सोबत घ्या. पुढे जिथे उतराल तिथे ती वेगळ्या तोंडून ऐकू येईल.

फ्लोरेन्स, १४२७

गावाच्या मध्यावर ब्रुनेलेस्कीचा घुमट अर्धा बांधून झालाय. तुम्ही सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये, बाजूच्या भिंतीसमोर आहात. परांचीवर उभा असलेला चित्रकार मासाच्चो जेमतेम पंचविशीचा आहे. हा गिलावा ओला आहे, आणि दोन्ही भिंतींमधला सगळा फरक तिथून सुरू होतो.

अजिंठ्याचा चित्रकार कोरड्या भिंतीवर सवडीने काम करत होता. इथे गवंडी रोज सकाळी तेवढाच गिलावा लावतो, जेवढा दिवसभरात रंगवून होईल. पाण्यात कालवलेला रंग ओल्या चुन्यावर चढतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत कठीण होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. संध्याकाळी मन बदललं तर तुकडा खरवडून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात आधी सगळं ठरलेलं लागतं. त्यामुळे या गावात रेखांकनाला पहिला मान मिळतो तो नुसत्या तत्त्वज्ञानामुळे नाही, चुन्याच्या घाईमुळेही.

मासाच्चोने खिळा ठोकून दोऱ्या ताणल्या आहेत. दोरीचे आणि टोकदार हत्याराचे ओरखडे ओल्या गिलाव्यात उमटताहेत. छताच्या सगळ्या रेषा खाली उतरतात आणि क्रुसाच्या पायथ्याशी, बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका बिंदूत मिळतात. एक डोळा मिटून पाहा. भिंत नाहीशी झाली. तिच्यामागे कमानदार छताची खोली आहे. अजिंठ्यात तुम्ही चालत चालत चित्र पाहत होता आणि कथा तुमच्याबरोबर सरकत होती. इथे चित्राने तुम्हाला उभं राहायची जागा नेमून दिली आहे. प्रबोधनकाळाने कलेच्या मूलघटकांत अवकाश पुढे आणला, तो असा: भूमितीने, आणि बघणाऱ्याला खिळवून.

इथेही लाजवर्द आहे. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने त्याची कृती याच शतकाच्या तोंडाशी लिहून ठेवलीय. दगडाची पूड राळ आणि मेणात मळून गोळा करायचा, तो काही दिवस मुरवायचा आणि मग क्षाराच्या पाण्यात काठ्यांनी दाबत राहायचा. निळा पाण्यात उतरतो, मळ गोळ्यात राहतो. पहिला उतारा अस्सल, शेवटचा राखाडी. हा निळा ओल्या चुन्यात मिसळत नाहीत. भिंत वाळल्यावर तो वेगळा चिकटवतात, आणि त्याचा हिशेबही वेगळा धरतात. पुढे १४८५ साली गिर्लांदायो या चित्रकाराशी झालेल्या एका करारात निळा औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचा हवा, अशी अट घातलेली सापडते. मेरीच्या अंगावरचं वस्त्र निळं दिसतं, त्यात भक्ती आहे तशी देणगीदाराची ऐपतही आहे. रेषा बुद्धीची आणि रंग पैशाचा, अशी वाटणी फ्लोरेन्सने करून टाकली.

रोम, १५४५ आणि १६००

व्हॅटिकनच्या बेलव्हेडेरे भागात तिशियन उतरलाय. व्हेनिसचा हा चित्रकार कार्डिनल फार्नेझेसाठी ‘डॅने’ रंगवतोय. तुम्ही दाराशी थांबा. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीबरोबर खुद्द मायकेलअँजेलो चित्र बघायला आलाय.

चित्र कापडावर आहे आणि तैलरंगात. तेल सावकाश वाळतं, म्हणून तिशियनला घाई नाही. तो एका थरावर दुसरा पारदर्शक थर देतो, कड पुसतो, काल रंगवलेलं आज बदलतो. डॅनेच्या मांडीची कड कुठे संपते आणि पलंगपोस कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. ऊब मात्र जाणवते. जवळ गेलात तर कापडाचा पोत आणि कुंचल्याचे फटकारे दिसतात. चार पावलं मागे आलात की त्यांची कातडी होते. व्हेनिसच्या बंदरात पूर्वेकडचा माल उतरतो आणि रंग विकणारे खास दुकानदार तिथे आहेत. तिथल्या चित्रकारांनी रंगानेच आकार घडवायला सुरुवात केली, यात नवल नाही.

मायकेलअँजेलो तोंडावर भरपूर कौतुक करतो. बाहेर पडल्यावर तो काय म्हणाला, ते वासारीने लिहून ठेवलंय. रंग आणि हातोटी आवडली, पण व्हेनिसमध्ये सुरुवातीपासून नीट रेखाटन शिकवत नाहीत याचं वाईट वाटतं, असा त्याचा सूर होता. गंमत म्हणजे डॅनेची पहुडलेली बैठक मायकेलअँजेलोच्याच ‘रात्र’ या शिल्पाची आठवण करून देते. रेषा त्याची होती, हिशेबात धरली गेली ती फक्त तिशियनची रंगाची हौस.

इथून थोडं चालत सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चपर्यंत जा, आणि चालता चालता पंचावन्न वर्षं ओलांडा. काराव्हाज्जोचं ‘मॅथ्यूला बोलावणं’ भिंतीवर नुकतं लागलंय. डोळे बारीक करून पाहा. चित्रकार नेहमी असंच पाहतात, कारण त्याने रंग विझतात आणि उजळ-गडद तेवढं उरतं. या चित्राचं काहीच बिघडत नाही. उजवीकडून तिरपा प्रकाश आत येतो आणि पैसे मोजत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पडतो, बाकी सगळं अंधारात. अजिंठ्याच्या वर्तनेत देह स्वतःच उजळत होता. इथे प्रकाश बाहेरून येतो आणि कुणावर पडायचं ते निवडतो. बारोक शैलीचं नाट्य त्या निवडीत आहे. शेंदरी आणि निळे रंग हे रंगांतलं विष आहे, असं काराव्हाज्जो म्हणे, असं त्याचा चरित्रकार बेलोरी सांगतो. म्हणजे इथे जाणकारांचा विजय झाला. रंग अजून चौथाच.

पॅरिस आणि लंडन, १६७२

जानेवारीत पॅरिसच्या राजेशाही अकादमीत बसा. वाद पेटलाय. रेषेच्या बाजूला पूसँचे भक्त, रंगाच्या बाजूला तिशियन आणि रुबेन्सचे. अकादमीचा सर्वेसर्वा शार्ल ल ब्रँ निवाडा देतो: रेखाटन मनातून येतं, रंग पदार्थावर अवलंबून असतो, म्हणून रंगाची पायरी खालची. चित्रसूत्राची यादी आता सरकारी शिक्क्यासह आली.

जेमतेम महिनाभराने लंडनला रॉयल सोसायटीत केंब्रिजच्या एका तरुण प्राध्यापकाचं पत्र वाचलं जातं. आयझॅक न्यूटन कळवतो की खिडकीच्या भोकातून येणारा सूर्यकिरण लोलकातून नेला तर रंगांचा पट्टा पडतो. रंग लोलक तयार करत नाही, ते पांढऱ्या उजेडात आधीच आहेत. आणि प्रत्येक रंगाचा किरण किती वळणार ते ठरलेलं असतं. १७०४च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात तो हे रंग वर्तुळावर मांडील. आज शाळेच्या चित्रकलेच्या वहीत असतं त्या रंगचक्राचा हा पूर्वज.

दोघांना एकमेकांच्या वादाची खबर असण्याचं कारण नाही. तुम्हाला आहे. ज्या हिवाळ्यात रंगाला बुद्धीशी नातं नाही असं ठरवलं गेलं, त्याच हिवाळ्यात रंगाचा पहिला गणिती नियम कागदावर आला. मात्र न्यूटनचा नियम प्रकाशाचा होता. चित्रकाराच्या हातातली पूड वेगळी वागते. सगळे किरण एकत्र आले तर पांढरं होतं, सगळे रंग एकत्र कालवले तर चिखल. चित्रकाराला उपयोगी पडेल असा नियम यायला आणखी दीडशे वर्षं लागली, आणि तो अकादमीतून आला नाही.

गोब्लँ, पॅरिस, १८२५च्या आसपास

वास येतोय तो ओल्या लोकरीचा. बीव्ह्र नदीकाठचा हा राजेशाही गालिचा-पडद्यांचा कारखाना आहे. कधीकाळी त्याचा पहिला संचालक होता तोच शार्ल ल ब्रँ. आता रंगखात्यावर मिशेल-यूजेन शेव्रल आहे. तो चित्रकार नाही, रसायनशास्त्रज्ञ आहे; त्याचं नाव झालं ते चरबी आणि साबणावरच्या संशोधनाने. १८२४ साली तो इथे आला आणि तक्रारींचा ढीग त्याची वाट पाहत होता.

त्यातली एक ऐका. विणकर म्हणतात, निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांत वापरायचा काळा धागा फिका पडतो, रंगाऱ्यांनी काळा नीट चढवलेला नाही. शेव्रल इतर नामांकित रंगाऱ्यांकडून काळी लोकर मागवतो, शेजारी शेजारी ठेवतो आणि तपासतो. गोब्लँचा काळा कुठेही कमी नाही. दोष रंगात नाही, शेजारात आहे.

पुढची तक्रार कापडाच्या व्यापाऱ्यांची. लाल, जांभळ्या आणि निळ्या कापडावर काळी नक्षी छापून घेतली, तर ती काळी आलीच नाही! लालावर हिरवट दिसते, जांभळ्यावर हिरवट पिवळी, निळ्यावर तांबूस. छापणाऱ्याने फसवलं, असा आरोप आहे. शेव्रल वाद घालत नाही. तो पांढरा कागद घेतो, नक्षीच्या आकाराने कापतो आणि कापडाची जमीन झाकून टाकतो. उघडी राहते ती फक्त नक्षी. आता वाकून पाहा: स्वच्छ काळी. कागद उचला: पुन्हा हिरवट.

कारण तुमच्या डोळ्यात आहे. लाल चौकोनाकडे काही सेकंद एकटक पाहून पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवलीत, तर हिरवट चौकोन दिसतो. दोन रंग शेजारी आले की डोळा दोघांमधला फरक वाढवतो आणि प्रत्येकावर शेजाऱ्याच्या विरोधी रंगाची झाक टाकतो. लालाशेजारी हिरवी, निळ्याशेजारी नारिंगी, पिवळ्याशेजारी जांभळी. उजळाशेजारी गडद अधिक गडद दिसतं. १८३९ साली शेव्रल हे सगळं एका जाडजूड ग्रंथात मांडतो आणि पुढे बहात्तर भागांचं रंगचक्रही आखतो. रंगछटा कुठली, ती किती उजळ आणि किती तीव्र, हे तीन प्रश्न वेगळे करून विचारायची सवय अशा मांडणीतूनच पक्की होत गेली.

ते व्यापारी कापडाबाबत चुकले होते, डोळ्याबाबत मात्र अचूक होते. त्यांना दिसलं ते खरंच दिसत होतं. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस साडीवर टाकून ‘आता हा वेगळा दिसतोय’ म्हणणाऱ्या बाईचीही हीच तक्रार असते, आणि तीही खरी असते. आचार्यांनी रेषेचे नियम केले, जाणकारांनी छायेचे. रंगाचा नियम सापडला तो यादीतल्या शेवटच्या लोकांच्या कुरकुरीतून.

पॅरिस, मे १८८६

र्‍यू लाफित. दृक्प्रत्ययवाद्यांचं आठवं आणि शेवटचं प्रदर्शन. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद कॅनव्हाससमोर लोक हसताहेत. जॉर्ज सराचं ‘ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार’. दाटीतून पुढे व्हा.

नाक कॅनव्हासला टेकेल इतके जवळ गेलात तर माणसं विरघळतात आणि ठिपके उरतात. उन्हातल्या गवतात हिरव्याबरोबर पिवळे आणि नारिंगी ठिपके आहेत, सावलीतल्या गवतात निळे आणि जांभळे. ऊन तापलेलं वाटतं ते शेजारी थंड सावली आहे म्हणून. सराने शेव्रल वाचलाय, आणि अमेरिकन शास्त्रज्ञ ऑग्डेन रूडचं पुस्तकही. रंग तबकडीवर कालवले तर मळतात, म्हणून ते सुटे ठेवायचे आणि मिसळण्याचं काम डोळ्यावर सोपवायचं, अशी त्याची भूमिका आहे. धूप-छाँव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. तिथेही तिसरा रंग कापडात नसतो, बघणाऱ्याला दिसतो.

हसणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नाही. रंगाचा हा हिशेबी सरा शिकला तो आँग्रच्या शिष्याकडे, म्हणजे रेषेच्या कट्टर घराण्यात. त्याने काळ्या काँते खडूने खरबरीत कागदावर काढलेल्या चित्रांत रेषा जवळजवळ नाहीच; कागदाचा पोत आणि उजळ-गडद यांतूनच माणूस उभा राहतो. इथे समोरच्या बायकांच्या पाठीचा बाक, छत्र्यांच्या कमानी, झाडांचे उभे बुंधे पाहा. आखणी मासाच्चोइतकी कडक आहे. यादीतले चारही जण एकाच कापडावर बसलेत आणि पहिला कोण ते सांगता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात, ३१ ऑगस्टला, शेव्रल शंभर वर्षांचा होतो आणि पॅरिस त्याचा सोहळा करतं. विणकरांची तक्रार ऐकून घेणारा माणूस आपला नियम चित्रात उतरलेला पाहण्याइतका जगला.

पण थोडं थांबा, ल ब्रँचंही ऐकायचं राहिलंय. रंग पदार्थावर अवलंबून असतो, असं तो म्हणाला होता. सराने गवतात वापरलेल्या एका नव्या रंगात, जस्ताच्या पिवळ्यात, काही वर्षांतच बदल सुरू झाला. उन्हाचे पिवळे ठिपके तपकिरी पडले, नारिंगी मळले. नियम बिनचूक होता, पूड दगा देऊन गेली. आज शिकागोच्या संग्रहालयात हे चित्र बघणाऱ्याला १८८६चं ऊन दिसत नाही. ते कसं असेल याचा अंदाज संशोधकांना संगणकावर बांधावा लागतो. ल ब्रँचं निरीक्षण बरोबर होतं, त्याचा निष्कर्ष चुकला. रंग पदार्थ आहे म्हणून हलका ठरत नाही. पदार्थ आहे म्हणून तो म्हातारा होतो, आणि रेषेपेक्षा जास्त काळजी मागतो.

तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात चित्राखालची पाटी वाचताना चित्रकाराचं नाव आणि साल यांवर थांबू नका. रंग कशात कालवलेत, कशावर लावलेत तेही वाचा. मग डोळे बारीक करा, चार पावलं मागे या, आणि एखादा रंग विचित्र वाटला तर त्याला दोष देण्याआधी त्याचा शेजारी हाताने झाकून पाहा. अर्थात हात काचेपासून लांब ठेवून.